गार हातांचा रिपोर्ट

"काय करता तुम्ही?" असं कुणी विचारलं की मी सांगते, "लोकांना शॉक देते." आमच्या नेरुळच्या सोसायटीत नवीन आलेल्या एका बाईंना हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "म्हणजे वीजबिलाच्या ऑफिसात का?" नाही हो! मी नसांची तपासणी करते. सव्वीस वर्षं झाली. पेशंट मला 'करंटवाल्या मॅडम' म्हणतात आणि मला ते नाव जाम आवडतं. माझ्या खऱ्या नावाने, वंदना गायकवाड म्हणून, मला फक्त बँकेत ओळखतात.

आधी काम समजून घ्या, म्हणजे पुढची गंमत कळेल. दारावरची बेल बघा. बाहेर बटण दाबलं की आत वाजते. वाजायला वेळ लागला किंवा बारीक वाजली तर आपण म्हणतो, वायर गेली वाटतं. हाताच्या नसेचंही तसंच. मी मनगटावर नाहीतर कोपरावर बारीकसा शॉक देते आणि तो बोटाच्या मुळाशी कधी पोचतो ते मशीन सांगतं. स्क्रीनवर एक लाट उठते. मी दोनच गोष्टी बघते, लाट किती वेळात आली आणि किती उंच उठली. नस मंद असेल तर लाट उशिरा येते. नसच मरत असेल तर लाट बुटकी होते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माझं झालं की आमचे डॉक्टर कर्णिक सर येतात आणि स्नायूत बारीक सुई घालतात. सुईला स्पीकर जोडलेला असतो. चांगला स्नायू स्वस्थ पडला असेल तर चिडीचूप असतो. ज्याची नस तुटत आली, तो स्नायू मात्र पडल्या पडल्या कुरकुरतो, पत्र्यावर तांदूळ सांडावेत तसा आवाज येतो. मला अजूनही तो आवाज आला की अंगावर काटा येतो.

नमुने तर किती भेटले म्हणून सांगू! भाजी मार्केटात कांद्याच्या गोणी पाठीवर मारणारे एक पैलवानासारखे गृहस्थ सुई बघूनच आडवे झाले. त्यांची बायको शांतपणे म्हणाली, "घरी झुरळ आलं तरी असंच होतं यांचं." एक पेन्शनर काका तपासणी झाल्यावर उठायलाच तयार नव्हते. "मॅडम, बरं वाटतंय हो. आता उजव्या पायालाही द्या ना थोडा करंट!" मी सांगून सांगून थकले, की काका, ही तपासणी आहे, इलाज नाही. पुढच्या महिन्यात ते शेजाऱ्याला घेऊन आले.

पण खरी माणसं भेटतात ती वर्षानुवर्षं दुखणारी. एक्सरे चांगला, रक्त चांगलं, आणि हात तर रात्रंदिवस दुखतोय. घरचे पहिलं वर्ष काळजी करतात, दुसऱ्या वर्षी कंटाळतात, तिसऱ्या वर्षी म्हणतात, "हिला कामच नको." अशी बाई माझ्या टेबलावर झोपते आणि दहावीचा निकाल लागावा तशी स्क्रीनकडे बघते. लाट वाकडी आली की खूश होते! "बघा, मी सांगत होते ना!" स्वतःच्या अंगात बिघाड निघाला म्हणून हसणारी माणसं मी रोज बघते. आणि हेही सांगून टाकते, आमच्या मशीनला सगळं दुखणं दिसत नाही. लाट सरळ आली म्हणून बाई खोटं बोलते, असा अर्थ काढू नका.

तर सुमनताई भोईर.

शुक्रवारची दुपार होती. करावे गावच्या या बाई, वय पन्नाशीच्या जरा पुढे, सोबत मुलगी प्रणाली. सुमनताई एका कारखान्यात कोलंबी सोलायचं काम करायच्या. उजवा हात चार वर्षं दुखत होता. कोपरापासून करंगळीपर्यंत कळ, शेवटची दोन बोटं बधिर. प्रणालीने चांगली जाडजूड फाइल माझ्यापुढे ठेवली आणि घाईघाईने म्हणाली, "मॅडम, सोमवारी मम्मीचं मानेचं ऑपरेशन आहे. सर्जन बोलले, त्याआधी फक्त हा एक रिपोर्ट पायजे. फॉरमॅलिटी आहे. आज मिळेल ना?"

"आई कुठे आहे?"

"वॉशरूमला गेलीय. येईल."

तोवर मी फाइल चाळली. मानेच्या फोटोत एक गादी सरकलेली होती. आमचे सर म्हणतात, पन्नाशीनंतर कुणाच्याही मानेचा फोटो काढा, कुठली ना कुठली गादी सरकलेली दिसतेच, दुखणं तिचंच आहे का ते विचारा. त्याखाली नसांचा एक जुना रिपोर्ट होता, दोन वर्षांपूर्वीचा, आमच्याच लॅबचा. 'दोन्ही हातांच्या सर्व नसा मंद', म्हणजे साखरेच्या आजारात होतात तशा. मी म्हटलं, "आईला साखर आहे?"

"नाय ना! पाच वेळा टेस्ट केली. पण त्या रिपोर्टनंतर प्रत्येक डॉक्टर बोलतो, नसांचा आजार आहे, गोळ्या घ्या. दोन वर्षं मम्मीने भात सोडलाय. आंबा सोडलाय. हाताचं दुखणं तर वाढतच गेलं. म्हणून आता हे मानेचं."

एवढ्यात सुमनताई आल्या. उंच बाई, डोक्यात अबोलीचा गजरा, ओले हात पदराला पुसत. मी हातमोजे घातले, पट्ट्या चिकटवल्या आणि सुरू केलं.

पहिली लाट उशिरा. दुसरी उशिरा. डावा हात, तोही उशिरा! जुन्या रिपोर्टसारखंच सगळं. मी आतल्या खोलीत सरांना हाक मारून सांगितलं, "सर, दोन वर्षांपूर्वीचंच आहे, थोडं वाढलंय." सर म्हणाले, "मग तसंच लिहा. सुई मी येऊन करतो." संपलं. पाच मिनिटांत कागद छापून निघाला असता, आणि सोमवारी बाईंची मान उघडली असती.

पण माझं लक्ष लाटांच्या उंचीवर गेलं. लाटा उशिरा येत होत्या खऱ्या, पण उठत होत्या कशा! ताठ, उंच, तरण्या पोरीच्या असाव्यात तशा. आजारी नस अशी उंच लाट देत नाही. चार वर्षांच्या आजारात तर नाहीच नाही. मी जुना रिपोर्ट परत उघडला. तिथेही तेच, उशिरा आणि उंच. अगं बाई! उशिरा आणि उंच, दोन्ही एकदम कधी होतं, ते मी शिकाऊ मुलींना पहिल्याच दिवशी शिकवते. गारठ्याने! हात गार असला की चांगली नसही रेंगाळते आणि लाट मात्र फुगते. म्हणून आधी हाताचं तापमान मोजायचं असतं. त्यासाठीचा छोटा सेन्सर माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, रबरबँड लावून ठेवलेला.

मी हातमोजा काढला आणि सुमनताईंचा हात धरला. बर्फ! नुसता बर्फ!

"ताई, एवढे गार हात? कारखान्यातून आलात का थेट?"

"नाय ओ मॅडम, आज सुटी घेतली. हात धुतलं ना आता, म्हणून."

"एवढे? किती वेळ धुतले?"

"धा-पंधरा मिंटं. साबन लावला तीन येला." त्या जरा हसल्या. "मागल्या टायमाला तुमीच बोल्ल्या व्हत्या ना, हात धुवून या म्हनून. आमच्या हाताला वास येतो कोलंबीचा. तुमी नाक असा केला व्हता." आणि त्यांनी नाक मुरडून दाखवलं. रागाने नाही हो, अगदी सहज, नक्कल करावी तशी. "म्हनून आज सांगायच्या आधीच धुतलं. तुमाला तरास नको."

प्रणाली म्हणाली, "मम्मी, काय पण बोलतेस!"

मी जुना रिपोर्ट तिसऱ्यांदा बघितला. खाली कोपऱ्यात तपासणाऱ्याची सही होती, व. गा. माझीच.

तेल-क्रीम लावलेल्या हातावर पट्टी बसत नाही, म्हणून हात धुऊन यायला मी सगळ्यांनाच सांगते. ते कामाचं आहे. नाक मुरडणं कामाचं नव्हतं. लोक एकदा धुऊन येतात. या बाई वास जाईना म्हणून थंडगार पाण्याखाली हात चोळत उभ्या राहिल्या, आमच्या त्या एसी खोलीत येऊन बसल्या, आणि मी हातमोजे घालून, हाताला हात न लावता, त्यांच्या सगळ्या नसा आजारी ठरवून मोकळी झाले. दोन वर्षं त्या बाईंनी भात खाल्ला नाही.

एक गोष्ट सांगते, सांगायची नव्हती पण सांगते. लातूरकडच्या आमच्या गावात माझ्या आईला पाणी वरून ओंजळीत ओतायचे, भांड्याला हात लागू नये म्हणून. आई ते सांगताना नेहमी ओंजळ करून दाखवायची. मी शिकले, पगार कमावला, मोठ्या तोऱ्यात कुणापुढे मान खाली घालणार नाही म्हणत आले. आणि नाक मुरडलं कुणावर, तर कष्टाने हाताला वास येणाऱ्या बाईवर! मला त्या खुर्चीत बसवेना.

पण रडायला वेळ नव्हता. सोमवार तीन दिवसांवर होता!

मी चहाच्या किटलीत पाणी तापवलं, प्लॅस्टिकच्या टबात कोमट केलं आणि सुमनताईंना दोन्ही हात कोपरापर्यंत बुडवायला लावले. एसी बंद केला. सरांना म्हटलं, "सर, छापू नका. माझी चूक आहे, आत्ताची पण आणि दोन वर्षांपूर्वीची पण. मला अर्धा तास द्या." सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. बाहेर चार पेशंट खोळंबले होते. म्हणाले, "घ्या. पण घाम मला आला तर बघा."

टबातलं पाणी निवलं की मी गरम घालत होते. बोलता बोलता विचारलं, "ताई, कोलंबी सोलता म्हणजे नक्की कशा बसता?"

"उभ्यानीच गो. ह्यवरा लांब टेबल असतं, स्टीलचं. आमी दोन्हीकरनं उभ्या."

"करून दाखवा ना."

त्या ओल्या हातांनीच उठल्या. उजवं कोपर माझ्या टेबलाच्या कडेवर टेकवलं, हात दुमडून पंजा तोंडासमोर घेतला आणि न दिसणारी कोलंबी झरझर सोलू लागल्या. डोकं मोडलं, कवच काढलं, पाठीतला काळा दोरा ओढला. बघत राहावं असा वेग होता. कोपर मात्र कडेवरून हललं नाही.

"असं किती वेळ?"

"शिफ्टभर. कोपर टेकलं नाय तर खांदा जातो."

प्रणाली म्हणाली, "मॅडम, मान नाही का मग?" मी म्हटलं, "थांब गं जरा!" पोरीवर उगाच ओरडले. पण मला तेव्हा काही सुचत नव्हतं, मी वेगळ्याच तंद्रीत होते.

सेन्सर काढला, रबरबँड सोडला, तापमान बघितलं. हात ऊबदार. सुरू केलं. मनगटाची पहिली लाट, वेळेवर! दुसरी, वेळेवर! डावा हात, सगळा वेळेवर! दोन वर्षांचा आजार टबातल्या पाण्यात गेला. मी आनंदाने म्हटलं, "ताई, नसा मस्त आहेत तुमच्या!"

आणि सुमनताईंचा चेहरा पडला.

"म्हंजे मना काय झालंच नाय?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मंग ह्यो म्हनतो तेच खरा. मी नाटकं करते." हा 'ह्यो' म्हणजे त्यांचा नवरा. डोळ्यांतून टपटप पाणी सुरू झालं. प्रणालीही रडायला लागली, "पप्पा तसं नाय बोलत गं मम्मी." बोलत असणार, पोरीच्या तोंडावरून दिसत होतं.

मी म्हटलं, "ताई, थांबा. अजून कोपर राहिलंय. तिथे सापडलं नाही, तरी मी तुम्हाला खोटं म्हणणार नाही."

करंगळीची नस कोपराच्या आतल्या बाजूच्या हाडामागून जाते. तिथे कधी कपाटाचा कोपरा लागला की आपण कळवळतो ना, तीच. मी मनगटावरून शॉक दिला, लाट झकास. कोपराच्या खालून दिला, झकास. कोपराच्या वरून दिला, आणि लाट उशिरा! आणि या खेपेला बुटकीसुद्धा. गार हाताची फुगलेली लाट नव्हे, खरी आजारी लाट. दोन वर्षांपूर्वीही ती तिथेच असणार. पण सगळंच मंद दिसल्यावर एका जागचं मंद कोण शोधतो? मी तरी शोधलं नव्हतं.

आता माझं सगळ्यात आवडतं काम. मी मार्कर घेतला आणि कोपराच्या वरपासून खालपर्यंत एकेक सेंटिमीटरवर खुणा केल्या. मग खालून वर, एकेका खुणेवर शॉक. एक, चांगली. दोन, चांगली. तीन, चांगली. चार, चांगली. पाच... लाटेने उडी मारली! एका सेंटिमीटरमध्ये ती मागे पडली आणि अर्धी झाली. परत केलं. परत तिथेच. तिसऱ्यांदा केलं.

"सापडली!" मी एवढ्या मोठ्याने ओरडले की बाहेरचे पेशंट उभे राहिले. "सर! सर, या, सापडली!"

सर धावतच आले. सुमनताई गोंधळून विचारत होत्या, "काय सापडला गो?" मी त्यांचं बोट धरून त्या खुणेवर ठेवलं. "इथे, ताई. इथे दुखतंय तुमचं. चार वर्षं इथेच दुखतंय. स्टीलच्या टेबलाची कड इथे लागते."

त्या आपल्या कोपरावरच्या निळ्या रेघेकडे बघत राहिल्या. मग प्रणालीकडे वळून म्हणाल्या, "बघ. बोल्ली व्हती ना मी!" आणि अश्रू तसेच ठेवून अशा हसल्या, की सव्वीस वर्षांत मी तसं हसू फार बघितलं नाही.

पण मान? ते सरांनी सुईने सोडवलं. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या स्नायूत सुई घातली, तर तांदूळ सांडायला लागले. तो स्नायू कोपरातल्या त्याच आजारी नसेवर चालतो. मग अंगठ्याच्या स्नायूत घातली. गंमत बघा, अंगठ्याला मानेतून येणारी मुळी तीच, पण वाट वेगळी, ती त्या कोपरावरून जात नाही. मान बिघडली असती तर अंगठाही कुरकुरला असता. आम्ही सगळे कान देऊन उभे. स्पीकर चिडीचूप. मानेजवळच्या स्नायूत, तिथेही चिडीचूप. सरांनी सुई काढली, तिथूनच सर्जनना फोन लावला आणि म्हणाले, "सोमवार थांबवा. मान नाहीये, कोपर आहे." पलीकडून काहीतरी प्रश्न आला. सर माझ्याकडे बघत म्हणाले, "हो, खात्री आहे. तीन वेळा केलंय." ऑपरेशन थांबलं, आणि पुढे सर्जननी कोपर स्वतः तपासल्यावर ते रद्दच झालं.

फोन होताच मी सुमनताईंसमोर बसले. म्हटलं, "ताई, तो जुना रिपोर्ट मीच केला होता. चुकला होता. तेव्हाच नीट केला असता तर दोन वर्षं वाचली असती."

सुमनताईंनी स्नायू झिजून अंगठ्याजवळ पडलेला खळगा दाबून बघितला. "ह्यो भरंल का?"

"सगळा नाही भरायचा बहुतेक," मी खरं सांगितलं. सरांनी मान हलवली.

प्रणाली माझ्याकडे अशी बघत होती की तिने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. सुमनताई म्हणाल्या, "चुकला ना, मंग चुकला. तुमी बोल्ल्या तरी. आजवर कोन डाक्टर मना बोल्ला नाय का माझा चुकला." मग पदर सावरून एकदम विचारलं, "भात खाऊ ना आता?"

"खा! आंबाही खा!" मी म्हटलं आणि आम्ही चौघं हसलो.

उपाय अगदी साधे निघाले. कोपर कडेवर टेकायचं नाही, झोपताना हात दुमडू नये म्हणून टॉवेल गुंडाळायचा, आणि सरांनी कारखान्याला चिठ्ठी दिली. सोलायचं सोडून त्यांना वजन करायच्या कामावर घेतलं. मी मात्र त्या दिवसापासून एक नियम केला. आधी मोजे न घालता पेशंटचे दोन्ही हात हातात घ्यायचे, मग सेन्सर, मग बाकी सगळं. शिकाऊ मुली हसतात, "मॅडम भविष्य बघतात." हसू देत. ड्रॉवरमधला तो रबरबँड मी फेकून दिला. आणि मागच्या सव्वीस वर्षांतले आणखी किती गार हात मी न धरता सोडले असतील, हे मनात येतं तेव्हा मला काही गोड लागत नाही. त्यांची नावं मला माहीत नाहीत.

तीन महिन्यांनी सुमनताई परत तपासणीला आल्या, या खेपेला एकट्या, थेट कामावरून. बोटांना जाग आली होती, कळ पुष्कळ कमी होती. मी दारातच होते. मला बघून हसल्या, पिशवी खुर्चीवर ठेवली आणि सवयीने वॉशरूमकडे निघाल्या.

मी म्हटलं, "सुमनताई, हात नका धुऊ. इकडे द्या."

त्या थांबल्या. "वास येल गो बाय."

"येऊ दे," मी म्हटलं आणि त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. चांगले गरम होते.